पायाळू पाहिजे

मोठं काम करताना कंबर धरत नाही. चिरेखाणीवर दिवसभर जांभा दगड उचलणारा माणूस संध्याकाळी कणकवलीच्या बाजारात ताठ चालत येतो आणि बांगड्याच्या भावावरून मासेवालीशी उभ्या-उभ्या घासाघीस करतो. आषाढात चिखलात वाकून तरवा लावणाऱ्या बाया घरी येऊन पुन्हा चुलीपुढे वाकतात. उसण भरते ती आमच्यासारख्या खुर्चीवाल्यांना, आणि भरते तीही कशाने? बेसिनवर वाकून चूळ भरल्याने. शिंकल्याने. माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांची कंबर वर्तमानपत्र उचलताना धरली. तेही पुरवणी नसलेल्या दिवशी.

माझी धरली ती खाटेखालची चप्पल ओढताना. ‘कट्’ असा आवाज आला असं मला वाटलं. डॉक्टरांच्या मते असा आवाज येत नाही, रुग्णाला तो नंतर आठवतो. मी होतो तसाच, काटकोनात राहिलो. घरच्यांचा समज झाला की मी काहीतरी शोधतोय. बायकोने बॅटरी आणून दिली.

पहिली अडचण वेदनेची नसते, कारण सांगण्याची असते. ‘चप्पल ओढली’ हे कारण चारचौघांत सांगण्यासारखं नाही. त्यामुळे प्रत्येक विचारणाऱ्यागणिक वजन वाढत जातं. पहिल्याला मी खरं सांगितलं. दुसऱ्याला ‘जरा खाटेखालचं सामान काढत होतो’. पुढे सामानाची ट्रंक झाली, आणि बातमी मच्छीमार्केटपर्यंत पोचली तेव्हा मी भरलेला गॅस सिलिंडर एकट्याने माळ्यावर चढवत होतो. माळ्यावर सिलिंडर कशाला, हे कोणी विचारलं नाही.

खरं तर चपलेची लाज वाटण्याचं काही कारण नव्हतं. सिडनीच्या संशोधकांनी २०१५ साली एक अभ्यास छापला. कंबर नुकतीच धरलेल्या ९९९ माणसांना त्यांनी विचारलं, की त्याआधी तुम्ही काय करत होता. जड उचलणं, वेडंवाकडं वाकणं ही अपेक्षित कारणं निघालीच. पण त्या सगळ्यांवर मात करणारं निघालं ते काम करताना लक्ष दुसरीकडे असणं. आणि धोक्याची वेळ निघाली सकाळी सात ते दुपारी बारा. ही वेळ पटण्यासारखी आहे. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी माणूस रात्रीपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच असतो. दिवसात ज्या वेळी आपली उंची सर्वांत जास्त, नेमक्या त्याच वेळी आपल्याला खाटेखालची चप्पल हवी असते.

माझी हाक मागीलदारी ऐकू गेली आणि शेजारच्या काकी आल्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने.

“उसाण भरली,” त्या म्हणाल्या. “पायाळू होयो.”

कोकणात वाढलेल्याला पायाळू समजावून सांगायला नको, पण मुंबईत वाढलेल्यांसाठी सांगतो. जन्मताना ज्याचं डोकं आधी न येता पाय आधी आले तो पायाळू. त्याचा पाय दुखऱ्या कंबरेला लागला की उसण जाते. शिवाय पायाळूला जमिनीखालचं पाणी कळतं, गाडलेलं धन दिसतं, आणि पावसात त्याला घराबाहेर सोडायचं नाही, कारण वीज त्याच्यावर पडते. इतक्या जबाबदाऱ्या जन्माबरोबर घेऊन आलेला दुसरा माणूस नाही. पूर्वी वाडीत एखादा तरी पायाळू असायचाच आणि कंबर धरली की त्याला शेतातून बोलावून आणायचे. तो चिखलाचे पाय धुवायचा, उताण्याला पालथं व्हायला सांगायचा, कंबरेला पाय लावायचा आणि चहा पिऊन परत शेतात जायचा. फी नाही, अपॉइंटमेंट नाही. गावच्या सावकाराला लाथ घालायची संधी ज्याला कायदेशीरपणे मिळते असा हा एकच व्यवसाय असावा, आणि मला दाट शंका आहे, की ही विद्या एखाद्या पायाळू कुळानेच शोधून काढली असणार.

“पण पायाळू खय गावतलो आता?” काकींनीच विचारलं.

हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. दिवस भरल्यावरही पोटात पायाळू राहणारी मुलं शंभरात तीन-चार असतात. निसर्गाने पुरवठा कमी केलेला नाही. पण आता सोनोग्राफीत ते आधीच दिसतं. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये २६ देशांतल्या दोन हजारांहून अधिक बाळंतपणांचा अभ्यास आला. अशा मुलांना ठरवून सिझेरियनने काढलं तर ती जास्त सुखरूप राहतात असं त्यात दिसलं आणि जगभरच्या डॉक्टरांनी सुरी हातात घेतली. मुलं वाचली हे उत्तमच झालं. पण पायाळूंचा धंदा बसला. आता जन्मतात ते पाय आधी बाहेर काढलेले, किंवा जे हाताला लागेल ते आधी काढलेले.

आमच्या ओसरीवर यावर चर्चा झाली. पोटातून काढलेलो पायाळू चलता काय? एका पक्षाचं म्हणणं, पोटात तो पायाळूच होता, वाट बदलली म्हणून गुण बदलत नाही. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, दारातून आलेला तो पाहुणा आणि कौलं काढून उतरवलेला तो पाहुणा, दोघांना एकच मान कसा द्यायचा? मी तोवर पालथा पडून होतो आणि माझं मत कोणी विचारलं नाही. शेवटी कोणाच्या तरी ओळखीतला घरी जन्मलेला, अस्सल पायाळू रिक्षावाला मिळाला. तो स्टँडवरचं भाडं सोडून आला. वयाने माझ्याहून लहान, त्यामुळे आधी माझ्या पाया पडला आणि मग कंबरेला पाय लावला. जाताना म्हणाला, “काका, राग मानू नकात.” मी पालथ्यानेच मान हलवली. त्यामुळे मानेतही चमक आली.

त्यानंतर उपायांची रांग लागली. किनाऱ्याकडच्या मावशींनी उंडेल पाठवलं. उंडीच्या बियांचं हे तेल पूर्वी दिव्यात जाळायचे आणि सांध्यांना चोळायचे. त्याचा वास असा, की अंगाला लावल्यावर आपण माणूस आहोत की देवळातली समई, हे ठरवता येत नाही. निर्गुडीचा पाला आला, तो उकळून शेक झाला. रुईची पानं तव्यावर गरम करून बांधली गेली. मिठाची पुरचुंडी आली. बिब्बा घेऊन आलेल्या एका आजींना मात्र बायकोने चहावरच थोपवलं, कारण बिब्ब्याने कातडीला फोड येतात आणि मग कंबर दुखते हे आठवतसुद्धा नाही. आजींच्या मते उपाय लागू पडतो तो असाच. कुणी म्हणालं, कटिबस्ती करून घ्या, उडदाच्या पिठाचं आळं कंबरेवर घालून त्यात कोमट तेल सोडतात. हे मला ऐकायला फार आवडलं, पण घरातली उडदाची डाळ चतुर्थीच्या वड्यांसाठी राखून ठेवली होती आणि कंबरेपेक्षा वड्याला अग्रक्रम मिळाला.

गावातल्या एका जाणत्या तात्यांनी वेळ न दवडता खळ्यात उभं राहून गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, हेच्या कंबरेत जा काय वाकडा-नाकडा शिरला आसात, ता बारा गावच्या भायर काढ म्हाराजा!” आणि जमलेल्यांनी “होय म्हाराजा!” म्हटलं. मीही म्हटलं. ‘होय’ जोरात म्हटल्यावर जी कळ आली त्यावरून ते वाकडं-नाकडं अजून गावातच असल्याची खात्री झाली.

या सगळ्या गर्दीत काकी मधूनमधून येऊन दाराच्या चौकटीला टेकायच्या. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे. पाठ कायमची थोडी पुढे झुकलेली. कोणीतरी त्यांना सहज विचारलं, “काकी, तुमची कंबार कशी आसा?”

“आमची रोजच धरता,” त्या म्हणाल्या. “कोणाक सांगतलंय? लावणी कोण लावतलो मगे?”

ओसरीवर जरा शांतता पसरली आणि मग कुणीतरी माझ्या उशीची दिशा बदलली. कंबरदुखीचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, हे जगभरच्या पाहण्यांत दिसतं. २०२० साली जगात सुमारे ६२ कोटी माणसांची कंबर दुखत होती असा अंदाज आहे. त्यातल्या किती जणींसाठी कुणी रिक्षा पाठवून पायाळू आणवला असेल, हे कोणी मोजलेलं दिसत नाही. मी स्वतः तरवा लावायला कधी गेलेलो नाही. चप्पल ओढताना कंबर धरलेल्या पुरुषाच्या उशाशी बसायला वाडी येते, आणि वाफ्यात आयुष्यभर वाकलेल्या बाईला विचारायचं सुचतं तेही त्या पुरुषाच्या उशाशी बसल्यावर. हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे आणि मी त्याचा लाभार्थी आहे.

चतुर्थी जवळ आली होती, त्यामुळे डोंबिवलीचा चुलतभाऊ आला. तुतारी एक्स्प्रेसला दाराजवळ उभं राहून आला आणि उतरल्या उतरल्या मला म्हणाला, “तुझं काहीच नाही. माझं बघ.” त्याने बॅगेतून एमआरआयची फिल्म काढली. चाकरमान्याने गावी काय आणावं याचे पूर्वी संकेत होते, चहापत्ती, बिस्किटं, साबण. आता एमआरआय आणतात. भावाने फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि एल-फोर, एल-फाइव्ह, एस-वन अशी नावं घेत बोट फिरवलं. जमलेल्या लोकांनी ती हातोहात पाहिली. दोघांनी उलटी पाहिली आणि त्यांचंही तेच मत पडलं. त्या क्षणापासून मी रुग्ण म्हणून दुसऱ्या नंबरवर गेलो.

भावाचा हिरमोड करायचा नव्हता, म्हणून मी त्याला एक गोष्ट सांगितली नाही. १९९४ साली अमेरिकेत ज्यांना कंबरेचा काही त्रास नाही अशा ९८ माणसांचे एमआरआय काढले. सगळ्या चकत्या निर्दोष निघाल्या फक्त ३६ टक्के लोकांच्या. बाकीच्यांच्या चकत्या कुठे फुगलेल्या, कुठे सरकलेल्या, आणि मालक मजेत फिरत होते. केस पिकतात, तशा चकत्याही वयाबरोबर झिजतात. फरक इतकाच, की पिकलेल्या केसाची फिल्म काढून कोणी पाहुण्यांना दाखवत नाही.

अखेर मला डॉक्टरकडे नेलं. बरोबर काकी, भाऊ आणि पायाळू रिक्षावाला. महामार्ग सतरा नंबरचा होता आणि खड्ड्यांचा होता, तेव्हा या प्रवासावर दोन मतं असायची. काही म्हणत खड्ड्याने कंबर जाते, काही म्हणत गेलेली जागेवर येते. आता तो सहासष्ट नंबरचा झाला, चौपदरी झाला, कणकवलीच्या डोक्यावरून उड्डाणपूल गेला आणि हा वाद निकालात निघाला. तरीही रिक्षावाल्याने जुन्या सवयीने जोडरस्त्यावरचे दोन खड्डे माझ्यासाठी राखून ठेवले होते.

डॉक्टर तरुण होता. त्याने भलते प्रश्न विचारले. लघवी अडकते का? शौचावरचा ताबा गेलाय का? बसतो त्या जागी बधिर वाटतं का? पायाचा अंगठा वर उचला. ताप? वजन घटलं? कुठून पडलात का? काकींसमोर ही उत्तरं देणं सोपं नव्हतं. पण प्रश्न फालतू नव्हते. लघवी अडली, दोन मांड्यांमधली जागा बधिर झाली किंवा पायातलं बळ जायला लागलं, तर मणक्याच्या खालच्या नसा दाबल्या गेलेल्या असू शकतात आणि तिथे पायाळू, उंडेल, उद्या बघू, यातलं काहीही चालत नाही; त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं लागतं. माझी सगळी उत्तरं ‘नाही’ आली. मला हायसं वाटलं. काकींची निराशा झाली.

डॉक्टर म्हणाला, “स्नायू धरलाय. होईल बरं. शेक चालेल, फार दुखलं तर चार दिवस गोळी घ्या. पण झोपून राहू नका. चाला.”

“चलाक?” काकी म्हणाल्या.

“हो.”

बाहेर आल्यावर त्यांनी मनातलं सगळं बोलून टाकलं. “फोटो काढूक नाय, इंजेक्शन देवक नाय, पडान रव म्हणूक नाय. मगे पैसे कसले घेतल्यान?”

काकींचा राग अगदीच अनाठायी नव्हता. कंबर धरली की फळीवर पाठ टेकून पडून राहा, हे डॉक्टरांनीच पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेलं. मग १९८६ साली अमेरिकेत काही रुग्णांना दोन दिवस झोपवलं, काहींना सात दिवस. सात दिवसवाले जास्त दिवस कामावर गेले नाहीत, एवढाच काय तो फरक पडला. १९९५ साली हेलसिंकीत महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. काहींना दोन दिवस झोपायला सांगितलं, काहींना पाठीचे व्यायाम दिले, आणि काहींना सांगितलं, सोसवेल तेवढं रोजचं काम करत राहा. लवकर सुधारले ते तिसरे. म्हणजे लावणी कोण लावतलो मगे, या प्रश्नाचं उत्तर फिनलंडमध्ये सापडलं. काकींना मी ते रिक्षात सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, “त्येंका भात खय आसा?”

मग मी चालायला लागलो. सकाळी घरातून पटवर्धन चौकापर्यंत आणि परत. सपाट रस्त्यावरचं हे अंतर किरकोळ आहे, पण कणकवलीत कंबरेवर हात ठेवून चालणाऱ्या माणसाला सरळ जाऊ देत नाहीत. किराणावाला थांबवतो, औषधवाला थांबवतो, एसटीची वाट पाहणारा अनोळखी माणूस थांबवतो आणि आपल्या मेव्हण्याच्या मणक्याची हकीकत सांगतो. चाललो त्यापेक्षा उभा जास्त राहिलो. चौक ज्या अप्पासाहेब पटवर्धनांच्या नावाचा आहे, त्यांनी १९४८ साली इथून जवळच वागद्याला गोपुरी आश्रम काढला आणि हातात खराटा, फावडं घेऊन लोकांचे संडास साफ करण्यात हयात घालवली. त्यांच्या चौकात उभं राहून चपलेची कहाणी सांगणं मला जड गेलं, म्हणून तिथे मी सिलिंडरच सांगितला.

आणि एक दिवस कंबर दुखायची थांबली. कधी थांबली हे नेमकं कळलं नाही; बसून उठलो आणि ‘आई गं’ म्हणायचं राहून गेलं.

इथून खरी पंचाईत सुरू झाली. कणकवलीला श्रेयवाद नवा नाही. रस्ता कोणी आणला, पूल कोणी आणला, हे सांगणारे फलक डांबर वाळायच्या आत चौकात लागतात. माझी कंबर कोणी बरी केली, यावर फलक लागले नाहीत एवढंच. पायाळू स्टँडवर सांगत होता, एकच पाय लावला. उंडेलवाल्या मावशी म्हणत, बाटली अर्धी संपली तेव्हाच मी ओळखलं होतं. तात्यांना देवाचा हात दिसत होता. डोंबिवलीच्या भावाने मला त्याच्या डॉक्टरने लिहून दिलेली गोळी दिली होती, हे त्याने प्रत्येक आरतीनंतर सांगितलं.

२०१४ साली ऑस्ट्रेलियात कंबर धरलेल्या साडेसोळाशे लोकांवर पॅरासिटामॉलचा प्रयोग झाला. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी खोटी. दोन्हीकडच्यांची कंबर साधारण सोळा-सतरा दिवसांतच बरी झाली. उंडेलवाल्यांची आणि गाऱ्हाणेवाल्यांची वेगळी तुकडी केली असती तर काय झालं असतं, याचा अंदाज मला आहे, पण तो उघड बोलून दाखवण्याइतका मी शूर नाही. साध्या कंबरदुखीत शेवटी जो उपाय चालू असतो त्याला बरं केल्याचा मान मिळतो, आणि आधीचे उपाय करणारे म्हणतात, पाया आम्ही घातला. त्यामुळे कोणाचाही उपाय कधी वाया गेल्याची नोंद नाही. मी प्रत्येकाला एकट्याला गाठून सांगितलं, “तुमच्यामुळेच.” सगळे खूश होते.

ही व्यवस्था चतुर्थीपर्यंत नीट चालली. पहिल्या दिवशी संध्याकाळी भजनाला आमच्या गणपतीवरच्या माटवीसमोर सगळे एका चटईवर जमले. पायाळू टाळ घेऊन, मावशी फुगडीच्या तयारीत, तात्या लोडाला टेकून, भाऊ फिल्मच्या पाकिटासह, काकी नेहमीप्रमाणे चौकटीत. मोदक वाटून झाले, चहा आला आणि दोन अभंगांच्या मध्ये तात्यांनी सहज विचारलं,

“सांग बघू, कोणाच्या औषदान बरो झालस?”

पखवाजवाल्याने हात थांबवला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा कप खाली ठेवला, एक हात जमिनीवर टेकला, दुसरा कंबरेवर नेला आणि सावकाश म्हणालो,

“खय बरो झालंय, तात्यानू. अजून वायच चमाकता.”

“बघितलास?” मावशी म्हणाल्या. “बाटली पुरी संपवूक नाय.”

“एमआरआय काढ म्हटलं होतं,” भाऊ म्हणाला.

पायाळूने टाळ बाजूला ठेवले आणि पाय धुवायला उठला.